रक्ताला रंगांनी ओळखणारा एर्लिक

सीबीसीचा कागद हातात आला की बहुतेकांची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते आणि मग प्लेटलेट्सवर. डेंग्यूच्या दिवसांत तर प्लेटलेट्सशिवाय दुसरे काही कोणी वाचतच नाही. पण त्याच कागदावर मधे पाच नावांची एक रांग असते: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल. या पांढऱ्या पेशी. यांपैकी ‘फिल’ने संपणारी तिन्ही नावे एकाच माणसाकडून आली आहेत. अँटिबॉडी, रिसेप्टर, कॉम्प्लिमेंट, टॉक्सॉइड, केमोथेरपी हे शब्दही त्याचेच, किंवा त्याच्यामुळे रूढ झालेले. पॉल एर्लिक हे त्याचे नाव. रोजच्या वैद्यकीय बोलण्यात एवढे शब्द पेरून गेलेला दुसरा डॉक्टर सापडणे कठीण.

‘फिल’ म्हणजे ग्रीक भाषेत आवड असणारा, ओढ असणारा. इओसिन हा गुलाबी रंग. त्याचे नाव उषेच्या ग्रीक देवतेवरून, इऑसवरून आलेले. इओसिनोफिल म्हणजे इओसिनची ओढ असलेली पेशी. बेसोफिल म्हणजे अल्कधर्मी रंगाची ओढ असलेली आणि न्यूट्रोफिल म्हणजे उदासीन रंगाची. ही पेशी शरीरात काय काम करते याबद्दल नाव चकार शब्द काढत नाही. ती कोणता रंग धरून ठेवते एवढेच सांगते. असे का, याचे उत्तर एर्लिकच्या आयुष्यात आहे.

त्याचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातल्या श्ट्रेलेन या छोट्या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील खाणावळ चालवत आणि मद्ये तयार करत. मामेभाऊ कार्ल वायगर्ट नऊ वर्षांनी मोठा होता. पुढे तो नावाजलेला पॅथॉलॉजिस्ट झाला, आणि जंतूंना रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. रंगांचे वेड पॉलला त्याच्याकडून लागले. तो काळही रंगांचाच होता. १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किनला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला होता आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत जर्मन कारखान्यांनी कृत्रिम रंगांची रांग लावली होती. कापडवाल्यांसाठी बनलेले हे रंग एर्लिकने शरीराच्या पेशींवर वापरायला सुरुवात केली.

विद्यार्थी म्हणून तो फारसा चमकला नाही. ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइप्त्सिश अशी विद्यापीठे तो बदलत राहिला. पाठांतर त्याला जमत नसे. स्ट्रासबुर्गला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक वाल्डेयर यांच्या लक्षात आले, की या मुलाचे टेबल रंगांनी माखलेले असते आणि सांगितलेल्या कामाऐवजी तो भलतेच काहीतरी करत बसतो. त्यांनी त्याला रोखले नाही. शिक्षकाने काहीही न करण्यातून विज्ञानाचा एवढा फायदा क्वचितच झाला असेल.

याच काळात शिशाच्या विषबाधेवरचा एक लेख त्याच्या वाचनात आला. शिसे शरीरात गेले तरी सगळीकडे सारखे पसरत नाही. काही अवयव ते जास्त धरून ठेवतात, असे त्या लेखात दाखवले होते. एर्लिकच्या मनात हे पक्के बसले. एखादे द्रव्य शरीरात नुसते असून चालत नाही, ते कुठेतरी चिकटावे लागते. जिथे चिकटेल तिथेच ते काम करेल. रंग, विष, औषध, तिन्हींना हा एकच नियम लागू. त्याची पुढची चाळीस वर्षे या एका कल्पनेभोवती फिरली, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

१८७८ साली त्याने पेशी रंगवण्याच्या पद्धतींवरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. ऊतकांमध्ये त्याला दाण्यांनी गच्च भरलेल्या काही पेशी दिसल्या होत्या. त्या खाऊन-पिऊन पुष्ट झाल्या असाव्यात असे वाटून त्याने त्यांना ‘मास्ट’ पेशी म्हटले. जनावराला खाऊ घालून पुष्ट करणे, या अर्थाचा हा जर्मन शब्द आहे. कारण चुकीचे निघाले, नाव मात्र टिकले. ते दाणे अन्नाचे नसून त्यात हिस्टामिनसारखी रसायने साठवलेली असतात, हे पुढे कळले. अंगावर गांधी उठतात, आपण पित्त उठले म्हणतो, तेव्हा पित्ताशयाचा त्यात काही दोष नसतो; या मास्ट पेशी फुटून आपले दाणे बाहेर टाकत असतात. म्हणजे मराठी नाव पित्ताला दोष देते आणि जर्मन नाव खादाडपणाला.

त्याच वर्षी एर्लिक बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिक्स यांच्या हाताखाली रुजू झाला. फ्रेरिक्स यांनीही त्याला मोकळे सोडले. इथे त्याने रक्ताकडे मोर्चा वळवला. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, तांब्याच्या तापवलेल्या पट्टीवर ठेवून सुकवून पक्का करायचा आणि मग रंगवायचा. कृती साधी वाटते, पण त्याआधी पांढऱ्या पेशी म्हणजे फिकट, एकसारखे गोळे दिसत. काहींमध्ये दाणे असतात हे लोकांनी पाहिले होते. ते दाणे वेगवेगळ्या जातीचे आहेत हे सिद्ध करायला रंग लागला. आम्लधर्मी रंग एका प्रकारच्या दाण्यांनी घेतला, अल्कधर्मी दुसऱ्यांनी, आणि दोन्हींच्या मिश्रणातून तयार झालेला उदासीन रंग तिसऱ्यांनी. १८७९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे सगळे प्रसिद्ध झाले. दाण्यांना त्याने आल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरेही दिली होती. ती अक्षरे विस्मरणात गेली. रंगांवरून दिलेली नावे उरली.

या पेशी काय करतात हे त्याला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत नसताना त्याने कामाचे नाव दिले नाही, दिसणाऱ्या गुणाचे दिले. म्हणूनच ती नावे आजही खोटी पडलेली नाहीत. आपल्याकडे इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर दमा, अ‍ॅलर्जी किंवा पोटातल्या जंतांबद्दल विचारतात. हे ज्ञान नंतर साठत गेले, पण पेशी ओळखायची खूण तीच राहिली. रक्ताच्या कर्करोगातही अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी आणि लसिकाग्रंथींशी नाते सांगणाऱ्या पेशी यांत फरक करणे त्याच्या रंगांमुळे शक्य झाले. ल्युकेमियाचे आजचे वर्गीकरण कितीतरी पुढे गेले असले, तरी मायलॉइड आणि लिम्फॉइड ही पहिली फाळणी अजून तशीच आहे. १८८८ साली एका तरुण स्त्रीच्या शवविच्छेदनात त्याला रक्त तयार करणारी मज्जाच ओस पडलेली आढळली. ॲप्लॅस्टिक ॲनिमिया म्हणतात त्या आजाराचे ते पहिले वर्णन; नाव मात्र या खेपेस दुसऱ्याने दिले.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा एर्लिक श्रोत्यांत बसलेला होता. कॉख यांची रंगवण्याची पद्धत किचकट आणि वेळखाऊ होती. एर्लिकने काही आठवड्यांतच ती सोपी केली. हा जंतू रंग घेताना आढेवेढे घेतो, पण एकदा घेतला की आम्लाने धुतला तरी सोडत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. झील आणि नील्सन यांनी त्यात सुधारणा केली, आणि त्या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आजही सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासताना वापरली जाते. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की क्षय.

१८८८ साली अशाच काड्या त्याला स्वतःच्या थुंकीत दिसल्या.

वय चौतीस, लग्नाला पाच वर्षे झालेली, घरात दोन लहान मुली. फ्रेरिक्स वारले होते आणि नव्या प्रमुखांना त्याचे रंगांचे उद्योग फारसे पसंत नव्हते. क्षयावर औषध नव्हते. ज्यांना परवडे त्यांनी कोरड्या हवेत जावे, एवढाच सल्ला होता. पत्नी हेडविग कापड गिरणीमालकाची मुलगी असल्याने त्यांना तो परवडला. दोघे इजिप्तला गेले आणि पुढच्या वर्षी तो बरा होऊन परतला. तेव्हा हाती नोकरी नव्हती. ज्यू असल्याने विद्यापीठातली बढतीही दूरच होती. बर्लिनमध्ये भाड्याच्या जागेत त्याने छोटी प्रयोगशाळा मांडली आणि थोड्याच काळात कॉख यांनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतले.

इथून रंग मागे पडले आणि विषे पुढे आली. त्याने निवडलेली दोन विषे मराठी वाचकाच्या अंगणातली आहेत. एक एरंडाच्या बीतले रायसिन. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. एरंडेल घेऊन विषबाधा होत नाही ती म्हणून. दुसरे अ‍ॅब्रिन, म्हणजे गुंजेतले विष. सोनाराच्या तागडीतली ती लाल-काळी गुंज अख्खी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली वा कुटली तर जीव घेऊ शकते. एर्लिकने उंदरांना ही विषे आधी अगदी थोडी आणि मग वाढवत वाढवत दिली. काही दिवसांनी ते उंदीर एरवीच्या मारक मात्रेच्या शेकडोपट विष पचवू लागले. मात्र रायसिनला सरावलेला उंदीर अ‍ॅब्रिनने मरे आणि अ‍ॅब्रिनला सरावलेला रायसिनने. म्हणजे शरीर सर्वसाधारणपणे दणकट होत नव्हते. नेमक्या त्या विषाविरुद्ध नेमके काहीतरी रक्तात तयार होत होते. १८९१ च्या लेखात या ‘काहीतरी’साठी त्याने जो जर्मन शब्द वापरला त्याचा इंग्रजी अवतार म्हणजे अँटिबॉडी. मराठीत आपण प्रतिपिंड म्हणतो.

मग त्याने पिलांची अदलाबदल केली. विषाला सरावलेल्या उंदरिणीच्या दुधावर दुसरीची पिले वाढवली, तर त्या पिलांनाही संरक्षण मिळाले. प्रतिपिंडे दुधातून उतरतात, हे असे दिसले. माणसात यातले बरेच काम गर्भात असतानाच वारेतून होते. तरी पहिल्या दिवसांच्या चिकातही आतड्याचे रक्षण करणारी प्रतिपिंडे भरपूर असतात. चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवणारी घरे अजून आहेत, म्हणून १८९२ सालचा हा उंदरांचा प्रयोग जुना झालेला नाही.

घटसर्पाने त्या काळी मुलांचे घसे आवळून जीव जात. बेरिंग आणि जपानचे कितासातो यांनी त्यावर प्रतिविषाचा मार्ग दाखवला होता, पण एका घोड्याचा रस जोरदार तर दुसऱ्याचा पाणचट, अशी अवस्था होती. एर्लिकने प्रतिविषाचे एक प्रमाण ठरवून दिले आणि नवा रस त्याच्याशी ताडून किती युनिटचा ते सांगण्याची रीत घालून दिली. घटसर्पाच्या प्रतिविषाचा डोस आजही युनिटमध्येच लिहितात. १९०१ चे पहिले वैद्यकाचे नोबेल बेरिंगला मिळाले. कारखान्याच्या करारात आपला वाटा डावलला गेला, हे शल्य एर्लिकला अखेरपर्यंत होते, आणि त्याची तक्रार अनाठायी नव्हती.

युनिटे मोजतानाच त्याला दिसले, की बाटलीत जुने झालेले विष मारक राहत नाही, तरी प्रतिपिंडाला पूर्वीइतकेच चिकटते. म्हणजे विषाच्या रेणूचे दोन भाग असले पाहिजेत, एक चिकटणारा आणि एक मारणारा. मारणारा भाग गेलेल्या विषाला त्याने टॉक्सॉइड म्हटले. गंज लागलेला खिळा लागला की आपण टीटीचे इंजेक्शन घेतो. त्यातला दुसरा टी हा टॉक्सॉइडचा आहे. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांच्या जागा असतात, विष त्यांना चिकटते, मग पेशी तशा जागा गरजेपेक्षा जास्त बनवून रक्तात सोडते आणि तीच प्रतिपिंडे, असा सिद्धान्त त्याने १८९७ मध्ये मांडला. या जागांना पुढे त्याने रिसेप्टर म्हटले. प्रतिपिंडाला मदत करणाऱ्या रक्तातल्या घटकाला कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक, हे नाव दिले. आणखी पुष्कळ शब्द त्याने घडवले. अम्बोसेप्टर, हॅप्टोफोर असे ते शब्द आज डॉक्टरांनाही ठाऊक नसतात. समकालीन शास्त्रज्ञ या शब्दपसाऱ्याला वैतागत, आणि त्यांचे फारसे चुकत होते असे नाही. १९०८ चे नोबेल त्याला मेच्निकॉफ यांच्यासोबत मिळाले. एकाने रक्तातल्या द्रव्यांची बाजू लढवली होती, दुसऱ्याने जंतू गिळणाऱ्या पेशींची. नोबेल समितीने दोघांनाही बरोबर ठरवले.

१८९९ पासून तो फ्रँकफर्टला होता. तिथली त्याची खोली प्रसिद्ध होती: खुर्च्या, सोफा, जमीन, सगळीकडे कागद आणि पुस्तके, पाहुण्याने बसायचे कुठे हा प्रश्न. दिवसाला पंचवीसेक सिगार. सहकाऱ्यांना रोज सकाळी रंगीत चिठ्ठ्यांवर कामे लिहून जात. एका बँकरच्या विधवेने, फ्रान्झिस्का स्पायर यांनी, दिलेल्या देणगीतून १९०६ साली त्याला औषधसंशोधनासाठी नवी संस्था मिळाली. कल्पना तीच जुनी: रंग जर एकाच पेशीला निवडून चिकटतो, तर एखादे रसायन जंतूला चिकटेल आणि माणसाला सोडून देईल. १८९१ मध्येच त्याने मेथिलीन ब्ल्यू हा रंग मलेरियाच्या दोन रुग्णांना औषध म्हणून देऊन पाहिला होता. आता आर्सेनिकच्या शेकडो संयुगांची पाळी होती. या उद्योगाला त्याने केमोथेरपी हे नाव दिले. आज केमो म्हटले की कर्करोगच आठवतो. मूळ शब्द जंतूंसाठी होता.

यादीतले ६०६ क्रमांकाचे संयुग आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. १९०९ मध्ये टोकियोहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी उपदंश झालेल्या सशांवर ते पुन्हा तपासले आणि जखमा भरून आल्या. उपदंश म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणत तो रोग. तोपर्यंत त्यावर पारा हाच उपाय होता, आणि पाऱ्याने दात पडत, तोंड सडे. १९१० मध्ये साल्व्हरसान या नावाने औषध बाजारात येण्याआधी सुमारे ६५ हजार डोस डॉक्टरांना फुकट वाटून त्यांच्याकडून अनुभव मागवले गेले. ते काम सोपे नव्हते. पावडर हवा लागली तर विषारी होई, ती तत्काळ विरघळवून शिरेतून द्यावी लागे, आणि तेव्हा शिरेतून इंजेक्शन देण्याची सवय फार थोड्या डॉक्टरांना होती. काही रुग्ण बहिरे झाले, काही दगावले. एर्लिक प्रत्येक मृत्यूचा तपशील मागवून तपासत असे. वृत्तपत्रांतून त्याच्यावर पैसे उकळल्याचे आरोप झाले. वेश्यांवर बळजबरीने औषधाचे प्रयोग केल्याचा आरोप फ्रँकफर्टच्या रुग्णालयावर करणाऱ्या वास्मान नावाच्या पत्रकारावर १९१४ मध्ये खटला चालला. एर्लिकने साक्ष दिली, आणि वास्मानला तुरुंगवास झाला. खटला जिंकला, पण त्या वर्षांनी त्याची तब्येत खाल्ली. औषध मात्र पेनिसिलिन येईपर्यंत, म्हणजे तीसेक वर्षे, टिकून राहिले.

२० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे तो वारला. फ्रँकफर्टमध्ये त्याच्या नावाचा रस्ता होता. नाझींच्या राज्यात ते नाव काढून टाकले गेले आणि हेडविगला उतारवयात देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव पुन्हा लागले. पुढे जर्मनीच्या दोनशे मार्कांच्या नोटेवर त्याचे चित्रही आले.

त्याच्या एका शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९०० च्या सुमारास त्याने बोकडांना दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचले. त्यांनी परक्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, स्वतःच्या पेशींविरुद्ध कधीच नाही. शरीराला स्वतःवर विष सोडण्याचा धसका असतो असे म्हणून त्याने याला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे दणदणीत लॅटिन नाव दिले. असे विष तयार झालेच तर ते काम करू नये यासाठी शरीरात काही अटकाव असला पाहिजे आणि तो अटकाव मोडला तर आजार होईल, एवढी वाट त्याने उघडी ठेवली होती. ती वाट वाचणाऱ्यांनी बंद केली. नाव इतके ठाम होते की शरीर स्वतःवर हल्ला करूच शकत नाही, असा त्याचा अर्थ पाठ झाला. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीने स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवले, तरी तो एक अपवाद म्हणून बाजूला ठेवला गेला. स्वतःच्या शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीने आजारी झालेल्या रुग्णांची पुढची दोन पिढ्यांची दुखणी दुसऱ्याच नावाखाली गेली.

हे मोडले ते एर्लिकच्याच घराण्यातून. त्याचा सहकारी हान्स साक्स, साक्सचा शिष्य अर्न्स्ट विटेब्स्की. विटेब्स्कीला हिटलरमुळे जर्मनी सोडावी लागली आणि तो अमेरिकेत बफेलोला पोचला. तिथे त्याचा तरुण सहकारी नोएल रोज याने सशाला थायरॉइडचा अर्क टोचला, तेव्हा सशाने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि त्याची स्वतःची थायरॉइड ग्रंथी सुजून बिघडली. विटेब्स्कीचा आधी विश्वास बसला नाही. अनेक वर्षे प्रयोग पुन्हा पुन्हा करवून घेतल्यावर १९५६ मध्ये त्यांनी तो छापला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट आणि डोनियाक यांनी हाशिमोटो थायरॉइडच्या रुग्णांच्या रक्तात अशीच प्रतिपिंडे दाखवली. ल्यूपस, संधिवात, थायरॉइडचे कितीतरी आजार त्यानंतर या यादीत आले. ल्यूपसच्या रुग्णात आजार किती भडकला आहे हे पाहायला डॉक्टर सी-तीन आणि सी-चार या दोन चाचण्या सांगतात. त्यातला सी म्हणजे एर्लिकचे कॉम्प्लिमेंट.